बारवेच्या पायऱ्या आणि ४६ वॅट

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव मध्ययुगीन पाषाणमंदिरे, उंच मानस्तंभ आणि जुनी बारव यांसाठी जाणकारांना परिचित आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. खाली उतरायचे, घागर भरायची आणि वर चढायचे. शेकडो वर्षे या पायऱ्यांनी माणसांच्या पायांकडून काम करून घेतले. हे काम मोजायचे झाले तर?

समजा, ५० किलो वजनाची नववीतली एक मुलगी ५ मीटर उंचीच्या पायऱ्या १० सेकंदांत चढून गेली. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की कार्य मिळते : ५० × ९.८ × ५ = २४५० ज्यूल. त्याला १० सेकंदांनी भागा. शक्ती आली २४५ वॅट. (प्रयोग शाळेच्या जिन्यावर करावा. जुन्या बारवांच्या पायऱ्या झिजलेल्या आणि निसरड्या असतात.)

आता दुसरा एक आकडा. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून भारताचा पहिला उपग्रह 'आर्यभट' अवकाशात गेला. त्याचे वजन ३६० किलो होते. २६ पैलूंच्या त्याच्या अंगावर, वरचा व खालचा भाग सोडून, सर्वत्र सौरघट बसवलेले होते. त्या सर्वांची मिळून शक्ती होती ४६ वॅट! पायऱ्या चढणारी आपली विद्यार्थिनी त्या दहा सेकंदांपुरती आर्यभटाच्या पाचपट शक्तिमान ठरते. वर्गात हे सांगितले की मुले आधी हसतात आणि मग कोणीतरी हमखास विचारते, 'मग उपग्रहात माणसालाच का नाही बसवत?' हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. 'दहा सेकंदांपुरती' या शब्दांत त्याचे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे शोधायला विज्ञानाला शंभर वर्षे लागली.

उपग्रह, हिरवे पान आणि धावपटू यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो, हे प्रथम ज्याला सुचले तो ना भौतिकीचा प्राध्यापक होता, ना अभियंता. युलियस रॉबर्ट मायर हा जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावचा तरुण डॉक्टर १८४० साली एका डच जहाजावर वैद्य म्हणून जावा बेटाकडे गेला. तिथे आजारी खलाशांचे रक्त काढताना त्याला शिरेतले रक्त अनपेक्षितपणे लालभडक दिसले. आपण चुकून रोहिणी कापली की काय, अशी शंका येण्याइतके ते लाल होते. त्याने विचार केला : उष्ण हवेत अंग गरम राखायला शरीराला कमी अन्न जाळावे लागते, म्हणून रक्तातला प्राणवायूही कमी खर्च होतो. म्हणजे उष्णता, अन्न आणि श्रम यांचे काही ठरलेले देणे-घेणे असले पाहिजे. १८४२ मध्ये त्याने हा विचार छापला. १८४५ मध्ये स्वखर्चाने काढलेल्या पुस्तिकेत तो आणखी पुढे गेला. वनस्पती सूर्याचा प्रकाश पकडून रासायनिक रूपात साठवतात आणि प्राण्यांचे सारे बळ त्या साठ्यातूनच येते, असे त्याने स्पष्ट लिहिले.

विद्वानांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे श्रेय ज्यूलचे की मायरचे, हा वाद सुरू झाला. १८४८ मध्ये त्याची दोन मुले वारली. १८५० मध्ये त्याने खिडकीतून उडी टाकून जीव देण्याचा प्रयत्न केला, त्यातून तो वाचला आणि पुढे काही काळ त्याला वेड्यांच्या इस्पितळात काढावा लागला. रॉयल सोसायटीचे कोपली पदक त्याला मिळाले ते १८७१ साली. पाठ्यपुस्तकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दोन ओळींत संपतो. त्या दोन ओळींच्या मागचा हा माणूस मुलांना सांगायला हवा, असे मला वाटते.

मायर जहाजावर निघण्याच्या आदल्याच वर्षी, १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये एडमाँ बेक्रेल या १९ वर्षांच्या मुलाने वडिलांच्या प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग केला होता. प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर चांदीच्या क्षाराचा लेप देऊन त्याने त्या आम्लयुक्त पाण्यात बुडवल्या. प्रकाश पडताच विद्युतप्रवाह वाहू लागला. हेच चांदीचे क्षार त्या सुमारास छायाचित्रणातही आले. म्हणजे प्रकाशरसायन आणि सौरघट यांचा उगम एकाच भांड्यात झाला म्हणायचा. (किरणोत्सर्ग शोधणारा आंरी बेक्रेल हा याच एडमाँचा मुलगा.)

पुढे दोन वाटा फुटल्या. सौरघटाच्या वाटेवर बराच काळ फारसे काही घडले नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सौरघट बनवला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेची तो वीज करी. ही वीज इतकी महाग होती की जमिनीवर तिला गिऱ्हाईक नव्हते. गिऱ्हाईक मिळाले अवकाशात. पहिला स्पुटनिक ऑक्टोबर १९५७ मध्ये गेला तो नुसत्या बॅटरीवर आणि सुमारे तीन आठवड्यांत मुका झाला. मार्च १९५८ मधल्या अमेरिकेच्या व्हॅनगार्ड-१ या लहानशा उपग्रहावर दोन प्रक्षेपक होते, एक बॅटरीवर चालणारा आणि दुसरा सहा सौरघटांवर. बॅटरीवरचा जूनमध्येच बंद पडला, सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. सौरघट लावावेत की नाही यावर आधी बरीच घासाघीस झाली होती. त्या सहा वर्षांनी तो वाद मिटवला.

प्रकाशरसायनाच्या वाटेवर मात्र चांगलेच भांडण झाले, तेही एका संख्येवरून. पानाला प्राणवायूचा एक रेणू मोकळा करायला प्रकाशाचे किती कण, म्हणजे फोटॉन, लागतात? नोबेल पारितोषिकाचा मानकरी ऑटो वॉरबुर्ग म्हणे, चार. त्याच्याच हाताखाली बर्लिनमध्ये शिकलेला अमेरिकन रॉबर्ट इमर्सन म्हणे, निदान आठ. फरक लहान वाटतो, पण हिशेब करून पाहा. चार फोटॉन पुरत असतील तर पान लाल प्रकाशातल्या ऊर्जेचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साठवते. आठ लागत असतील तर एक तृतीयांश. निसर्ग किती काटकसरी आहे, असा तो प्रश्न होता. १९४८ मध्ये वॉरबुर्ग स्वतः इमर्सनच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिला, दोघांनी शेजारी शेजारी मोजमापे केली, तरी एकमत झाले नाही. १९५९ मध्ये विमान अपघातात इमर्सनचा मृत्यू झाला. वॉरबुर्गने १९७० पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, आपला आकडा सोडला नाही. आज सर्वमान्य आकडा आठ ते दहा असा आहे. गुरू नामवंत असला तरी मोजमाप शिष्याचे बरोबर निघाले.

या आठांच्या पुढची गळती आणखी मोठी आहे. पान हिरवा प्रकाश पूर्ण वापरत नाही, भर दुपारच्या उन्हात त्याची यंत्रणा तुंबते, रात्री श्वसनात काही साठा जळतो. ज्वारी आणि ऊस यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून मग वापरण्याची खास सोय असते. ती हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ च्या सुमारास उसावर काम करून उलगडली. या सोयीमुळे अशा पिकांची तात्त्विक कमाल मर्यादा ६ टक्क्यांच्या आसपास जाते, गहू-तांदळाची त्याहून खाली राहते. शेतातले आकडे तर फारच लहान. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले, तरी कोरडवाहू शेतीचे उत्पन्न पावसाच्या ओलीवरच ठरते. हेक्टरी १२ क्विंटल धरू. म्हणजे एका चौरस मीटरला १२० ग्रॅम दाणे आणि त्यांत सुमारे १७.५ लाख ज्यूल. चार महिन्यांत त्याच चौरस मीटरवर पडलेले ऊन २०० कोटी ज्यूलच्या घरात जाते. दाण्यात उतरला तो हजारातला एक भागही नाही! कडबा धरला तर हिशेब थोडा सुधारतो, एवढेच. शेताच्या बांधावर सौरपंपाची जी निळसर पाटी दिसते, ती सुमारे २० टक्के ऊर्जेची वीज करते. म्हणून पान मागासलेले, असे समजण्याचे कारण नाही. पाटीवर ढग आला की पंपाची गती त्याच क्षणी मंदावते. ज्वारीचा दाणा कणगीत वर्षभर राहतो. पानाने प्रकाश पकडण्याबरोबर साठवणीचेही काम केलेले असते.

आता पुन्हा पायऱ्यांकडे येऊ. मघाच्या २४५० ज्यूलसाठी स्नायूंनी किती अन्न खर्च केले? स्नायूंची कार्यक्षमता साधारण २५ टक्के. म्हणजे ९८०० ज्यूल, सुमारे सव्वादोन किलोकॅलरी. ज्वारीच्या भाषेत एका ग्रॅमपेक्षाही कमी, वीसेक दाणे.

पण हे दाणे जळायला प्राणवायू हवा आणि दहा सेकंदांत तो पुरेसा पोहोचतच नाही. चढताना नव्हे, चढून झाल्यावर आपल्याला जास्त धाप लागते, हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी या धापेचे मोजमाप केले. ते स्वतः चांगले धावपटू होते. १९२०च्या दशकात मँचेस्टरमध्ये पाठीवर हवाबंद पिशवी बांधून आणि नाक चिमटून ते गवतावरच्या लहानशा वर्तुळात धावले. उच्छ्वासाची हवा पिशवीत साठे आणि मग तिचे पृथक्करण होई. ताशी १६-१७ किलोमीटर वेगाने धावताना ते मिनिटाला सुमारे ४ लिटर प्राणवायू घेत होते. एक लिटर प्राणवायूमागे २० हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेव्हा हिल यांच्या शरीरात १३०० वॅटहून अधिक ऊर्जा जळत होती आणि तिचा मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडत होता. वेग आणखी वाढवला तरी प्राणवायूचे मान एका मर्यादेपलीकडे जात नाही, असे त्यांना आढळले. आजही खेळाडूच्या चाचणीत हीच मर्यादा मोजतात. मर्यादेबाहेरचा खर्च शरीर उधारीवर भागवते आणि मागाहून धापा टाकत फेडते. हिल यांनी याला 'प्राणवायूचे कर्ज' म्हटले.

कर्ज कशाच्या रूपात घेतले जाते? हिल यांचे उत्तर होते, लॅक्टिक आम्लाच्या. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो मायरहोफ यांचेही तेच. दोघांना १९२२ चे नोबेल पारितोषिक याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळालेले. मात्र १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि भीमावरमहून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूत फॉस्फोक्रिएटिन हे संयुग ओळखले. याच सुमारास इंग्लंडमधील एगल्टन दांपत्यालाही ते सापडले होते. १९३० मध्ये डेन्मार्कचे लुंड्सगार्ड यांनी दाखवले की लॅक्टिक आम्ल मुळीच तयार होऊ दिले नाही, तरी स्नायू काही काळ आकुंचन पावतो आणि त्या काळात हेच संयुग खर्च होते. हिल यांनी १९३२ मध्ये या बदलाला 'क्रांती' म्हणणारा लेख लिहिला आणि आपला जुना सिद्धांत उघडपणे मागे घेतला. वॉरबुर्गच्या शेजारी हे उदाहरण ठेवून पाहावे. हेच हिल १९४३-४४ च्या हिवाळ्यात भारतात आले होते आणि इथल्या वैज्ञानिक संशोधनाच्या व्यवस्थेवर त्यांनी सरकारला अहवाल दिला होता.

श्वासाच्या मोजमापाचे काम आपल्याकडेही झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे मापन क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने सुरू केले. तिथे शिकून गेलेल्या के. टी. बेहनन यांनी प्राणायामात प्राणवायू नेमका किती खर्च होतो हे स्वतःवर मोजले. नेहमीच्या श्वसनापेक्षा तो वाढतो, असे त्यांना दिसले. प्राणायामाविषयी मोठमोठे दावे करणारे पुष्कळ होते. पिशवी बांधून मोजणारे थोडे.

तर फॉस्फोक्रिएटिन ही स्नायूची बॅटरी. ती भरलेली असते म्हणूनच आपली विद्यार्थिनी दहा सेकंद २४५ वॅट देऊ शकते. दिवसभर काम करणारा माणूस सरासरी ७५ वॅटच्या आसपास येतो.

आर्यभटाचीही गोष्ट हीच. तो सुमारे ९६ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घाली आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा पृथ्वीच्या सावलीत जाई. उन्हात सौरघटांनी निकेल-कॅडमियमची बॅटरी भरायची, सावलीत बॅटरीने उपग्रह चालवायचा आणि पुन्हा उन्हात आल्यावर कर्ज फेडायचे. यात गणित चुकून चालत नाही, कारण वर कोणी दुरुस्तीला जाऊ शकत नाही. बंगळूरजवळच्या पीन्या येथील शेडमध्ये हा उपग्रह बांधणाऱ्या तरुण अभियंत्यांपैकी बहुतेकांनी त्याआधी उपग्रह पाहिलेलाही नव्हता. क्ष-किरण खगोलशास्त्र, सूर्य आणि वरचे वातावरण यांविषयीचे तीन प्रयोग त्यावर होते. सुमारे पाच दिवसांनी त्या प्रयोगांकडे जाणाऱ्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि प्रयोग थांबवावे लागले. वीज होती, पण जिथे हवी तिथे पोहोचत नव्हती. उपग्रहाने पृथ्वीच्या वातावरणात प्रवेश केला तो १९९२ मध्ये.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला, तेव्हा त्याचा सौरपंखा प्रथम उघडेचना. कित्येक दिवसांच्या खटपटीनंतर तो उघडला आणि पुढे या मालिकेवरून दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम खेड्यांतल्या शाळांपर्यंत आले. पुण्याच्या 'बालचित्रवाणी'चे कार्यक्रम ज्यांनी वर्गात मुलांना दाखवले, त्या शिक्षकांना त्या पंख्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २०१८ मधल्या जीसॅट-११ ची शक्ती १३ किलोवॅटच्या पुढे गेली.

आकडे वाढले, तरी सावलीचा प्रश्न तसाच राहिला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे 'विक्रम' अवतरक चंद्रावर उतरले. त्याच्या सौरपाट्या ७३८ वॅट देत, तर 'प्रज्ञान' या बग्गीच्या फक्त ५०. आर्यभटापेक्षा चारच वॅट अधिक! सप्टेंबरच्या सुरुवातीला, सूर्य मावळण्याआधी, दोघांच्या बॅटऱ्या पूर्ण भरून आणि पुढच्या उजेडाकडे पाट्या वळवून त्यांना झोपवले. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची असते आणि तिथली थंडी शून्याखाली शंभर अंशांच्याही पलीकडे जाते. २२ सप्टेंबरच्या सुमारास तिथे पुन्हा ऊन आले. पृथ्वीवरून हाका मारल्या गेल्या. उत्तर आले नाही.