जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींचे स्पार्क प्लग : निवड कशी करावी?

अमरावती किंवा अकोल्याच्या रस्त्यावर एखादी जुनी एमजी वा ट्रायम्फ उतरली, की लोक आजही थांबून पाहतात. मालकाच्या मनात मात्र वेगळीच धाकधूक असते. गाडी सकाळी चटकन सुरू होईल काय, चौकात थांबल्यावर मिसिंग मारणार नाही ना, चढावर ठोका तर येणार नाही ना? यातील बऱ्याच तक्रारींचे मूळ काही शे रुपयांच्या स्पार्क प्लगमध्ये सापडते. चुकीचा प्लग बसवल्यास सिलिंडर हेड किंवा पिस्टनच निकामी होऊ शकतो, आणि हे भाग इंग्लंडहून मागवण्यात महिने जातात.

वऱ्हाडात या मोटारी विरळ असल्या, तरी त्यांची इंजिने येथे अगदीच अनोळखी नाहीत. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली आणि २०१४ पर्यंत उत्तरपाडा येथे तयार होत राहिलेली अ‍ॅम्बेसेडर अनेक वर्षे ज्या १४८९ सीसी इंजिनावर चालली, ते ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील होते. १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स मोटारीतही त्याच घराण्यातील, त्याच क्षमतेचे इंजिन होते. १९६२ च्या एमजीबीत ते वाढवून १७९८ सीसी करण्यात आले. दुसरे उदाहरण हेराल्डचे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून ९४८ सीसीची हेराल्ड तयार केली. याच हेराल्डच्या सांगाड्यावर ट्रायम्फने १९६२ मध्ये ११४७ सीसीची स्पिटफायर उभी केली. त्यामुळे ज्या जुन्या मिस्त्रींचा हात अ‍ॅम्बेसेडर आणि हेराल्डवर बसला आहे, त्यांना ही इंजिने परकी वाटत नाहीत. अडचण येथेच सुरू होते. ‘अ‍ॅम्बेसेडरचाच प्लग चालतो’ हे गॅरेजमधले ठरलेले उत्तर अर्धेच खरे आहे.

निवडीत सर्वप्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे आट्यांची लांबी. युद्धोत्तर ब्रिटिश मोटारींत प्लगचा व्यास बहुधा १४ मिलिमीटरच असतो. फरक पडतो तो लांबीत. एमजीए, एमजीबी, ऑस्टिन-हिली ३००० यांना पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटर आट्यांचा प्लग लागतो. ९४८ सीसीच्या हेराल्डला अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा. एमजी टीडीची गंमत अशी, की १९४९ ते १९५३ या तिच्या उत्पादनकाळातच सिलिंडर हेड बदलले. आधीच्या हेडला अर्धा इंची आणि नंतरच्या हेडला पाऊण इंची प्लग लागतो. साठ-सत्तर वर्षांत कोणत्या गाडीवर कोणते हेड चढले असेल, हे केवळ नोंदणीपुस्तक पाहून सांगता येणार नाही. ट्रायम्फच्या लहान इंजिनांतही हेड बदलले की लांबी बदलते. म्हणून काढलेला प्लग योग्यच होता असे गृहीत न धरता हेडमधील आट्यांची खोली स्वतः मोजावी. टोकाशी काटकोनात वळवलेली जाड तार आत सोडून शेवटच्या आट्याला अडकवली आणि वरच्या कडेशी खूण केली, तरी काम भागते.

हा आग्रह कशासाठी? अर्धा इंची हेडमध्ये पाऊण इंची प्लग घातला, तर त्याचे टोक पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकते. ते लागले नाही तरी ज्वलनकक्षात उघडे पडलेले आटे तापून लाल होतात, त्यांवर कार्बन धरतो आणि पुढे प्लग काढताना हेडचे आटेच ओरबाडून बाहेर येतात. उलट, लांब हेडमध्ये आखूड प्लग बसवला तर ठिणगी खोबणीत दडून बसते, मिश्रण नीट पेटत नाही आणि मोकळ्या राहिलेल्या आट्यांत काजळी साचते. मग योग्य लांबीचा प्लग आणला तरी तो शेवटपर्यंत बसत नाही.

लांबीनंतर उष्णता क्रमांक. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. साडेआठशे-नऊशे अंशांच्या पलीकडे गेले, तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटू लागते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. टोकाची उष्णता हेडकडे लवकर पोहोचवणारा तो ‘थंड’ प्लग, सावकाश पोहोचवणारा तो ‘गरम’. ठिणगीच्या जोराशी या शब्दांचा काही संबंध नाही.

क्रमांकांचा गोंधळ येथे बराच होतो. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. चॅम्पियनमध्ये आणि बॉशच्या आजच्या पद्धतीत तो गरम होतो. बॉशची जुनी तीन आकडी पद्धत पुन्हा उलटी, म्हणजे मोठा आकडा थंड प्लगचा. मायको या नावाने भारतात घरोघरी पोहोचलेल्या बंगळुरूच्या कंपनीचे २००८ मध्ये बॉश लिमिटेड असे नामांतर झाले. जुन्या दुकानांच्या फळीवर दोन्ही पद्धतींचे प्लग शेजारी-शेजारी पडलेले असू शकतात. एमजीबीसाठी सर्वत्र सांगितला जाणारा प्लग म्हणजे चॅम्पियनचा एन९वायसी किंवा एनजीकेचा बीपी६ईएस. दुसऱ्या नावाची फोड लक्षात ठेवण्याजोगी आहे : बी म्हणजे १४ मिलिमीटर व्यास, पी म्हणजे पुढे आलेले चिनी मातीचे टोक, ६ हा उष्णता क्रमांक, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. ई ऐवजी एच असल्यास लांबी १२.७ मिलिमीटर. चॅम्पियनमध्ये एन हे अक्षर पाऊण इंचाचे आणि एल अर्धा इंचाचे. अ‍ॅम्बेसेडरचे पेट्रोल इंजिन कमी दाबगुणोत्तराचे आणि संथ चालीचे होते. तिच्या प्लगची लांबी एमजीएशी जुळली, तरी उष्णता क्रमांक जुळेलच असे नाही.

‘आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा एक नंबर थंड प्लग टाका’ हा सल्लाही वऱ्हाडात हमखास मिळतो. तो टाळावा, असे आमचे मत आहे. उष्णता क्रमांकाची एक पायरी टोकाच्या तापमानात सुमारे ७० ते १०० अंशांचा फरक करते; अकोल्याचा उन्हाळा आणि लंडनचा उन्हाळा यांतील अंतर त्याहून बरेच कमी आहे. शिवाय हौशीची मोटार बहुतेक वेळा राजकमल चौकापासून कॅम्पपर्यंत, म्हणजे कमी वेगाने आणि थोडे अंतर चालते. अशा चालण्यात टोक पुरेसे तापतच नाही आणि थंड प्लग लवकर काळा पडतो. उन्हाळ्यात गाडी बंद पडते ती बहुधा पेट्रोलच्या नळीत वाफ अडकल्यामुळे. तो दोष प्लग बदलून जात नाही. अपवाद घाटाचा. परतवाड्याहून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याला जाताना इंजिन बराच वेळ भाराखाली राहते. वारंवार असा प्रवास असेल आणि टोकावर पांढरे फोड दिसत असतील, तर आधी मिश्रण व टायमिंग तपासावे आणि मगच एक पायरी थंड प्लगचा विचार करावा.

प्लगच्या रंगावरून इंजिनाची प्रकृती ओळखण्याची विद्या जुन्या पुस्तकांत सापडते. पण तिच्यातला ‘बिस्किटी रंग’ शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलोच. त्यामुळे जुन्या मापावर बसवलेल्या कार्ब्युरेटरमधून येणारे मिश्रण पातळ पडते, टोक पांढरट दिसते आणि मालक घाबरून थंड प्लग आणतो. येथे इलाज कार्ब्युरेटरचा आहे. एसयू कार्ब्युरेटरचा जेट किंचित खाली घेऊन मिश्रण समृद्ध करावे आणि मगच रंग पाहावा. चौकात घुटमळून आलेल्या गाडीचा प्लग काहीच सांगत नाही. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर एका वेगाने चालवून, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करावे आणि गाडी सुरक्षितपणे कडेला घ्यावी. जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विक्रम झालेला अमरावती-अकोला महामार्ग यासाठी उत्तम आहे. फक्त पहाटेची, वर्दळ नसलेली वेळ निवडावी.

गॅपचे माप पॉइंट असलेल्या एमजीबीसाठी ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर. नवा प्लग खोक्यातून बरोबर मापाचाच येतो असे नाही. फिलर गेजने तपासावा आणि वाकवताना बाहेरचीच पट्टी वाकवावी. नावात आर असलेला रेझिस्टर प्लग पॉइंटवर चालणाऱ्या गाडीला आवश्यक नाही. पण आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल, तर तोच किंवा कार्बन वायर घ्यावी.

एक बाब फारशी कोणी पाहत नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक अर्थ केलेले असे. पुढे कोणी ते उलटे केले आणि कॉइलच्या तारा मात्र जागच्या जागी ठेवल्या, तर ठिणगीची दिशा उलटते व तिला जास्त दाब लागतो. मग चांगला प्लगही गरम इंजिनावर मिसिंग मारतो. प्लग बदलण्याच्या आधी कॉइलची जोडणी पाहावी.

बाजारात नकली प्लगही मिळतात. अस्पष्ट छपाई, मध्यापासून सरकलेले टोक, सैल वॉशर दिसल्यास तो घेऊ नये, मग खोके कितीही ओळखीचे असो. बसवताना इंजिन थंड असावे. प्लग हातानेच शेवटपर्यंत फिरवावा. हात अडला तर काढून आटे स्वच्छ करावेत, पान्याने जोर करू नये. नवा प्लग हाताने बसल्यावर पान्याने अर्धा ते दोनतृतीयांश फेरा, जुना असेल तर फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. एमजीबीच्या पुस्तकात प्लग १२,००० मैलांनी, म्हणजे सुमारे १९,००० किलोमीटरनी बदलण्यास सांगितले आहे. वर्षाला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हा हिशेब लावण्यात अर्थ नाही. दर पावसाळ्यानंतर एकदा चारही प्लग काढून पाहावेत आणि गॅप केलेला एक नवा संच डिकीत कापडात गुंडाळून ठेवावा.