बैल, भोपळा आणि ‘उद्या ये’

बंगळूरच्या बसवनगुडीत अद्भुताचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला फार दूर जावे लागत नाही. ‘बसवनगुडी’ म्हणजेच बैलाचे देऊळ. सोळाव्या शतकात केंपेगौडाने बांधविलेल्या या देवळात एकाच शिळेतून घडविलेला सुमारे 15 फूट उंचीचा नंदी आहे. आख्यायिका अशी, की शेतात शिरून भुईमूग फस्त करणारा बैल शेतकऱ्याच्या प्रहाराने दगड झाला. दगड होऊनही वाढतच राहिला. अखेर मस्तकी त्रिशूळ रोवला तेव्हा थांबला. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तेथे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते.

येथे एक तपशील ध्यानात घ्यायला हवा. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाच्या सफरींनंतरच तो आपल्याकडे येऊ शकला. तेव्हा शेंगा खाणारा हा बैल पुराणकाळातला असणे शक्य नाही. नवे पीक आले आणि त्याच्यामागोमाग नवा चमत्कार आला. पुरातन वाटणारे अद्भुत पुष्कळदा असे अर्वाचीनच असते.

याच वस्तीतल्या नॅशनल कॉलेजशी डॉ. एच. नरसिंहय्या यांचे नाव जोडलेले आहे. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना 1976 साली त्यांनी चमत्कारांच्या तपासासाठी समिती नेमली. हवेतून अंगठी काढणाऱ्याने अस्तनीत न मावणारा भोपळा काढून दाखवावा, हा त्यांचा युक्तिवाद ‘भ्रमाचा भोपळा’ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला विशेष रुचेल.

पुढे 1990च्या दशकात याच शहरात रात्री दार ठोठावणाऱ्या भुताची वदंता पसरली आणि दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहिले जाऊ लागले. भूत साक्षर, आज्ञाधारक आणि सरकारी कचेरीतल्या अर्जदाराइतके सोशिक! ‘स्त्री’ या 2018च्या हिंदी चित्रपटाने याच युक्तीतून हास्य आणि रहस्य दोन्ही साधले.

विनोदी अद्भुतकथेला दोन माणसे लागतात : दगड वाढतो म्हणणारा एक, आणि फूटपट्टी घेऊन तो मोजायला जाणारा दुसरा. एकटा पहिला असला तर पोथी होते, एकटा दुसरा असला तर अहवाल. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. तीत चळवळीची हानी झालीच. पण साहित्याच्या अभ्यासकानेही तिची नोंद घ्यायला हवी. मोजणारा माणूस मारला गेला, की कथेतले हसू मावळते आणि केवळ भय उरते.