फटफटीचा आवाज: सायलेन्सरचा इतिहास कोणत्या पुराव्यावर लिहायचा?

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी विषय निवडताना बहुधा एक अट मनाशी धरून असतात: विषय 'मोठा' हवा. राज्यक्रांती, दुष्काळ, चळवळ असं काहीतरी. म्हणून आज मुद्दाम गल्लीतला विषय घेऊ. छोट्या स्पोर्ट बाइकचा सायलेन्सर कापणं, बदलणं, मोकळा करणं. यावर इतिहास लिहिता येईल का? येईल. पण पुरावा कुठे शोधायचा, हा प्रश्न इथे चांगलाच अवघड आहे, आणि तोच आजचा मुद्दा आहे.

थोडक्यात सांगायचं तर, कागदावर या गोष्टीची एकच बाजू सापडते, गुन्ह्याची. दुसरी बाजू, म्हणजे ती का केली, कशी केली आणि कोणत्या ज्ञानावर केली, ही शब्दांत आणि लोखंडात असते. नुसते कागद वाचले तर इतिहास पोलिसांच्या कारवाईचा होईल, सायलेन्सरचा होणार नाही.

आधी शब्द बघा

मराठीत मोटरसायकलला जुना शब्द आहे 'फटफटी'. गाडीचं नाव तिच्या रूपावरून किंवा वेगावरून पडलं नाही, एक्झॉस्टच्या आवाजावरून पडलं. आता थोडं गणित करू. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. जागेवर उभी असलेली गाडी मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर सेकंदाला सात-आठ ठोके पडतात. कानाला ते सुटे ऐकू येतात: फट, फट, फट. टू-स्ट्रोक इंजिन मात्र प्रत्येक फेरीला पेटतं. ८००० फेऱ्यांवर सेकंदाला १३३ ठोके होतात, आणि कानाला एक सलग सूर ऐकू येतो. म्हणजे 'फटफटी' हा शब्द कोणत्या जातीच्या इंजिनाला शोभतो हे शब्दच सांगतो.

असाच दुसरा शब्द 'धूम स्टाइल'. मराठी वर्तमानपत्रांत भरधाव दुचाकीस्वारांसाठी तो सर्रास येतो. 'धूम' हा चित्रपट २००४ चा. म्हणजे एखाद्या बातमीचं कात्रण तारखेविना मिळालं आणि त्यात हा शब्द असला, तर ते २००४ च्या आधीचं नाही एवढं नक्की म्हणता येतं. शब्दांवरून काळ ठरवण्याची ही अगदी प्राथमिक पद्धत आहे, पण ती हाताशी असू द्या.

कागद काय सांगतात

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० सायलेन्सरबद्दल आहे. प्रत्येक वाहनाला असं साधन हवं, जे 'एक्स्पान्शन चेंबर'च्या द्वारे किंवा अन्य रीतीने एक्झॉस्टचा आवाज शक्य तितका कमी करील, असा त्याचा आशय. हा 'एक्स्पान्शन चेंबर' शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या फेरफारांवर बंधन आहे. कलम १९०(२) आवाज आणि धुराच्या मानकांबद्दल आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १००० रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमाल दंड १०,००० रुपये, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध वाहनात बदल करता येणार नाही. आवाजाची मर्यादाही ठरलेली आहे: ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ डेसिबल, त्यावरच्या गाडीला ८०.

हे सगळे कागद उपयोगी आहेत. पण ते वाचून तुम्हाला असं वाटेल की सायलेन्सर म्हणजे फक्त आवाज दाबायचा डबा, आणि तो काढणारा फक्त आवाज करायला काढतो. इथेच संशोधकाने थांबून वस्तू हातात घ्यायची असते.

लोखंड काय सांगतं

टू-स्ट्रोक इंजिनाची एक जुनी खोड आहे. जळालेला वायू बाहेर पडतानाच थोडं ताजं मिश्रणही त्याच्याबरोबर निसटतं. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन या अभियंत्याने यावर पद्धतशीर काम केलं. नळी आधी शंकूसारखी रुंद करत न्यायची आणि मग पुन्हा निमुळती करायची. रुंद होणाऱ्या भागातून कमी दाबाची लाट परत येते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते. निमुळत्या भागातून जास्त दाबाची लाट येते आणि निसटलेलं मिश्रण परत आत ढकलते. या नळीचं नाव एक्स्पान्शन चेंबर. १९६१ मध्ये काडेनचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला आणि सुझुकीला मिळाला. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटातलं विश्वविजेतेपद जिंकलं, तेही डेग्नरच्याच हातून.

बघा, आपल्या नियमात आवाज कमी करणारं साधन म्हणून जो शब्द आहे, तोच शर्यतीच्या दुनियेत ताकद वाढवणाऱ्या नळीचं नाव आहे. एकाच शब्दाचे हे दोन इतिहास आहेत. सायलेन्सर बदलणाऱ्याच्या डोक्यात बहुधा दुसरा असतो, चलान फाडणाऱ्याच्या हातात पहिला.

हे ज्ञान भारतात कुठल्या वाटेने आलं? १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्या भागीदारीने आल्या: टीव्हीएसबरोबर सुझुकी, हिरोबरोबर होंडा, बजाजबरोबर कावासाकी, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा. यामाहाची ९८ सीसीची आरएक्स १०० याच काळातली. तिच्या सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी नळी काढली की गाडी एकदम ओरडायला लागते, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा.

आता एक उदाहरण, जे तुम्ही स्वतः करून बघू शकता. समजा एखाद्या जुन्या गॅरेजमध्ये हाताने जोडलेला टू-स्ट्रोक पाइप मिळाला. सोबत कागद नाही, सांगणारा माणूस नाही. तरी तो बोलतो. इंजिन ८००० फेऱ्यांवर असेल तर एका फेरीला ७.५ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्टचं तोंड साधारण अर्धी फेरी उघडं असतं, म्हणजे सुमारे ३.७५ मिलिसेकंद. गरम वायूत लाटेचा वेग ढोबळमानाने सेकंदाला ५०० मीटर धरला, तर ती एवढ्या वेळात १.९ मीटर जाते. जाऊन परत यायचं आहे, म्हणून नळीची परिणामकारक लांबी साधारण ९४ सेंटिमीटर येते. हाच हिशोब ६००० फेऱ्यांसाठी केला तर सव्वा मीटर. म्हणजे टेप लावून तुम्ही अंदाज करू शकता, की बनवणाऱ्याला गाडी वरच्या वेगात पळवायची होती की खालच्या गिअरमध्ये ओढायला लावायची होती. लांबी हा इथे दस्तऐवज आहे.

फोर-स्ट्रोकचा काळ आला तेव्हा हा धागा तुटला नाही. पुणे जिल्ह्यात बनणारी बजाज पल्सर नोव्हेंबर २००१ मध्ये आली, १५० आणि १८० सीसीत. पुढे बजाजने आपल्या काही गाड्यांच्या एक्झॉस्टला इंजिनाजवळ एक छोटी बंद कुपी जोडली आणि तिला 'एक्झॉसटेक' नाव दिलं. त्या नावातही 'एक्स्पान्शन चेंबर' आहेच. कमी वेगात ओढ वाढवणं हे तिचं काम. पोराने पूर्ण एक्झॉस्ट काढून मोकळा पाइप लावला की आवाज वाढतो, पण ही कुपी जाते आणि खालची ओढ कमी होऊ शकते. २००८ ची आर१५, २०१२ ची ड्यूक २०० या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सर यांचा हिशोब आणखी काटेकोर झाला. पूर्वी करवत आणि वेल्डिंग पुरे व्हायचं, आता काम लॅपटॉपपर्यंत गेलं. कारागिरीतला हा बदल कुठल्याही दंडाच्या पावतीवर दिसत नाही.

चांदवडहून बघितलं तर

हा विषय पुण्या-मुंबईतून बघण्याऐवजी चांदवडहून बघावा असं मला वाटतं. गाव मुंबई–आग्रा महामार्गावर आहे. पुढे राहुड घाट, मालेगाव, धुळे आणि मग इंदूर. गावात अभियांत्रिकीसह महाविद्यालयं आहेत, म्हणजे तरुण पोरं आणि दुचाक्या आल्याच. बाजारात बुलेटसाठी 'इंदोरी' आणि 'पंजाब' अशा नावांचे सायलेन्सर विकले जातात. अशा वेळी घाई करू नका. वस्तूला गावाचं नाव आहे म्हणून ती त्या गावची ठरत नाही. नाव म्हणजे उगमाचा पुरावा नव्हे, बाजारातल्या पत्तीचा पुरावा असतो. होळकरांचं इंदूर आणि होळकरांचा चांदवडचा रंगमहाल असा धागा जोडायचा मोह होईल. तो आवरा, रस्ता तपासा.

चांदवडचीच दुसरी एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगी पडते. होळकरांच्या काळात इथे टांकसाळ होती, 'चांदवडी रुपया' इथलाच. नाण्याचा अभ्यासक काय करतो? वजन करतो, ठसा वाचतो, धातू तपासतो. आणि नाण्याचं दुर्दैव काय? चांदी किमती, म्हणून वितळवलं जातं. सायलेन्सरचं उलट आहे. तो कवडीमोल, म्हणून चिरडला जातो. नागपूर, पुण्यासारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवले आहेत. फोटो छापून येतो, वस्तू भंगारात जाते.

याचा अर्थ कारवाई चुकीची असा नाही. शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे, आणि दवाखान्यात झोप न लागलेल्या माणसाला लाटांचं गणित सांगून उपयोग नाही. त्याची तक्रारही तुमच्या इतिहासातलं एक साधन आहे, आणि तिला मेकॅनिकच्या मुलाखतीइतकीच जागा द्यायला हवी. मुद्दा एवढाच की चिरडण्याआधी प्रत्येक प्रकारातला एखादा मोजून, कापून, फोटो काढून ठेवला असता तर पुढच्या संशोधकाला गुन्ह्याच्या आकड्यापलीकडे काहीतरी मिळालं असतं.

शेवटची, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

मौखिक इतिहास करणाऱ्यांनी हे नीट वाचा. गॅरेजवाला तुम्हाला "हा पाइप मी बनवला" म्हणून सांगतो, तेव्हा तुमच्यासाठी ती आठवण असते, कायद्यासाठी कबुली असते. आधी संमती घ्या. नाव आणि गॅरेजची खूण बदला, फोटोत नंबरप्लेट येऊ देऊ नका. रेकॉर्डिंग कुठे ठेवणार आणि कोण ऐकणार, हे त्याला त्याच्या भाषेत सांगा. प्रबंध जमा होईल, पदवी मिळेल. पण तुमच्या प्रकरणामुळे एखाद्या फिटरच्या दारात कुणी दंडाची वही घेऊन उभं राहिलं, तर तो धंदा तुम्ही मोडलेला असेल.

सराव म्हणून या आठवड्यात एवढं करा. आपल्या गावातल्या गॅरेजमध्ये जा, सायलेन्सरच्या भागांना तिथे काय म्हणतात ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. परवानगी असेल तर एका जुन्या पाइपला टेप लावा. मग नियम १२० वाचा. तिन्ही एकमेकांशी कुठे जुळत नाहीत ते शोधा. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा तिथेच सापडेल.