मुलांच्या तालमीवर किती खर्च करावा? इतिहासातील काही दाखले

घरातला मुलगा दहावी पास झाला, की आई-वडिलांसमोर खर्चाचा प्रश्न उभा राहतो. फी, पुस्तके, वसतिगृह, प्रवास हे तर असतेच; त्यामागोमाग मोबाइल आणि मोटारसायकलही येते. पालकसभेनंतर अनेक पालक विचारतात, "सर, आम्ही कुठवर करायचे?" या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. परंतु आपल्या आधीच्या पिढ्यांनी तो कसा सोडविला, हे पाहिले तर पुष्कळ बोध होतो.

पहिला दाखला सधन घरचा आहे. मुंबईचे व्यापारी तय्यब अली यांनी आपला मुलगा बद्रुद्दीन याला 1860 साली विलायतेस पाठविले. मुलाचे वय तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. इंग्रजी शिक्षणाकडे समाज संशयाने पाहत होता, त्या काळातली ही गोष्ट. थोरला भाऊ कमरुद्दीन याने तर त्याआधीच विलायतेत सॉलिसिटरची परीक्षा दिली होती. मध्यंतरी डोळ्यांच्या विकारामुळे बद्रुद्दीनना 1864 मध्ये परत यावे लागले. खर्च वाया गेला असे म्हणून घरच्यांनी हात आखडला नाही. ते पुन्हा गेले आणि 1867 साली बॅरिस्टर झाले. पुढे 1887 च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले व 1895 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. एका बापाने मुलावर केलेला खर्च अशा रीतीने हजारो मुलांच्या कामी आला.

दुसरा दाखला मध्यम परिस्थितीच्या घरचा, म्हणजे महात्मा गांधींचा आहे. 1888 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षात असताना, ते विलायतेस गेले. वडील हयात नव्हते. पत्नीचे दागिने विकून दोन-तीन हजार रुपये उभे करावेत, असा विचार त्यांच्या मनात आला होता. पण शेवटी थोरल्या भावाने भार उचलला. लंडनला पोहोचल्यावर मात्र या तरुणाला 'साहेब' होण्याची हौस आली. दहा पौंडांचा सूट शिवला, नृत्याचे धडे घेतले, व्हायोलिन विकत घेतले. भावाकडून घड्याळाचा सोन्याचा दुपेडी छडाही मागवून घेतला. हे खूळ सुमारे तीन महिने टिकले. मग त्यांनी पै-पैचा हिशेब लिहावयास सुरुवात केली, एका खोलीत बिऱ्हाड केले, बसभाडे वाचवून पायी चालू लागले आणि खर्च निम्म्यावर आणला. विशेष हे, की भावाने पैसे थांबविले म्हणून त्यांनी काटकसर केली नाही. घरच्या कष्टाची जाणीव झाली, म्हणून केली.

तिसरा दाखला गरिबीचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी यांना तुटपुंजी पेन्शन होती. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसा नसला, की रामजी आपल्या मुलींकडे जात. एखादा दागिना मागून आणीत, तो सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. कॉलेजात मात्र बापाची ऐपत संपली. तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि 1912 साली भीमराव बी.ए. झाले.

चौथा दाखला आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतला आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला, तेव्हा सुमारे एक हजार रुपयांची गरज होती. रामेश्वरमच्या वडिलांजवळ एवढी रक्कम नव्हती. बहीण झोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण टाकली. या बांगड्या मी स्वतःच्या कमाईने सोडवीन, असा निश्चय भावाने केला, आणि त्यासाठी शिष्यवृत्ती मिळविण्याच्या जिद्दीने अभ्यास केला. लहानपणी वर्तमानपत्रे वाटून त्यांनी पैशाची किंमत ओळखलेली होती.

या दाखल्यांवरून काय दिसते? ऐपत निरनिराळी होती, पण शिक्षणाच्या मूळ गरजेसाठी कोणी मागे सरले नाही. आणि ज्या मुलाला घरचा पैसा कोठून येतो हे ठाऊक होते, त्याने तो उधळला नाही.

जेथे घर अपुरे पडते, तेथे समाजाने उभे राहावे लागते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1906 साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम बोर्डिंगची सोय झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वयंपाकपाणी व शेतातले काम स्वतः करीत. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. 1947 साली सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' हे तत्त्वच झाले.

आता एका गोष्टीकडे पालकांचे लक्ष वेधावेसे वाटते. या कहाण्यांमध्ये सोने निघाले ते बायकांच्या अंगावरचे, आणि शिकला तो मुलगा. आजही मुलाच्या क्लासची फी कर्ज काढून भरणारे घर मुलीच्या बारावीनंतर 'आता पुरे' म्हणते. तिच्या नावाने साठविलेला पैसा लग्नाच्या मांडवात एका दिवसात संपतो. बद्रुद्दीन तय्यबजींनी आपल्या मुलींनाही शाळेत घातले आणि 1904 साली दोघींना शिक्षणासाठी विलायतेस पाठविले. एका शतकापूर्वी जे घडले, ते आज आपल्याला जड का वाटावे?

म्हणून पालकहो, फी, पुस्तके आणि दोन वेळचे सकस जेवण यांत काटकसर करू नका. हौसेच्या वस्तूंसाठी मात्र कर्ज काढू नका. ती हौस मुलाने सुट्टीत काम करून भागवावी. सोळा वर्षांच्या मुलाला आणि मुलीला घरचा जमाखर्च समोर बसवून दाखवा. आणि मुलांवरच्या खर्चाची दोन खाती ठेवू नका, मुलाचे एक आणि मुलीचे दुसरे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या फीच्या पावतीवर नाव तुमचे असते. ती रक्कम कोणाच्या कष्टातून, कोणाच्या दागिन्यातून आली, हे त्यावर छापलेले नसते. ते तुम्ही घरी विचारून घ्यावे.