धुता न येणारा मास्क : एन-९५ च्या पुनर्वापराचा इतिहास

१/ ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले कोरोनाबाधित आढळले. पुढे मुळशी तालुक्यातील लवळे येथील सिंबायोसिसचे रुग्णालयही कोविड रुग्णालय झाले. त्याच काळात जगभरातील डॉक्टर-परिचारिकांपुढे एक पेच उभा होता : एकदाच वापरण्यासाठी बनवलेला मास्क पुन्हा कसा वापरावा?

२/ पुण्याला मास्कटंचाई नवी नव्हती. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यातच घेतला. काही दिवसांतच औषधदुकानांतील मास्क संपले, काळा बाजार सुरू झाला आणि अनेक पुणेकरांनी तोंडाला रुमाल बांधले.

३/ थोडे मागे जाऊ. १८९७ साली पुणे प्लेगने होरपळत होते. त्याच वर्षी युरोपात ब्रेस्लाऊ येथे शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापडाची पट्टी बांधली. १९१०-११ च्या मांचुरियातील प्लेगमध्ये डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस आणि कापडाच्या थरांचा मास्क प्रचारात आणला.

४/ या कापडी मास्कचा मोठा गुण म्हणजे ते धुता आणि उकळता येत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आणि त्यानंतरही कित्येक दशके रुग्णालयांत हीच रीत होती. पुनर्वापर हा तेव्हा नाइलाज नव्हता, नित्याचा व्यवहार होता.

५/ १९६० च्या दशकापासून 'वापरा आणि फेका' मास्क रुळले. १९७२ मध्ये अमेरिकेत थ्री-एम कंपनीच्या अशाच एका श्वसनरक्षक मास्कला मान्यता मिळाली. एन-९५ हे मानक १९९५ चे. सर्वांत निसटत्या, ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांपैकी किमान ९५ टक्के कण अडवणे, हा त्याचा अर्थ.

६/ मात्र हे कण केवळ चाळणीसारखे अडत नाहीत. मास्कमधील पॉलिप्रॉपिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि तो कणांना खेचून धरतो. साबण किंवा अल्कोहोल लागताच हा भार क्षीण होतो. मास्क वरून स्वच्छ दिसतो, पण त्याची गाळणशक्ती गेलेली असते. कापडी मास्कला वाचवणारी जुनी युक्ती इथे घातक ठरते.

७/ म्हणून २०२० मध्ये तीन कसोट्या पुढे आल्या : विषाणू मरावा, विद्युतभार टिकावा आणि मास्क चेहऱ्यावर घट्ट बसावा. मार्च २०२० मध्ये अमेरिकेने बॅटेल संस्थेच्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेच्या पद्धतीला आपत्कालीन परवानगी दिली. पण तिला मोठी यंत्रणा लागे. शिवाय वारंवार घालून-काढून पट्ट्या सैल होतात, त्यावर कोणत्याही वाफेचा इलाज नाही.

८/ एन-९५ मधील विद्युतभारित गाळणीचे संशोधक पीटर त्साय निवृत्तीनंतर या कामी पुन्हा उतरले. त्यांनी सुचवलेला सोपा मार्ग म्हणजे आळीपाळी : अनेक मास्क ठेवायचे, वापरलेला काही दिवस कोरड्या हवेत टांगायचा, तोवर दुसरा घालायचा. विषाणू काळानेच निष्क्रिय होतो. दिल्लीच्या एम्सनेही हेच तत्त्व स्वीकारले : पाच मास्क, वीस दिवस.

९/ टंचाईवर खरा उतारा मात्र पुरवठ्याचाच होता. केंद्राने १३ मार्च २०२० रोजी मास्कला जीवनावश्यक वस्तू ठरवले. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राने एन-९५ ची किंमत १९ ते ४९ रुपयांच्या मर्यादेत बांधली. जून २०२१ मध्ये अमेरिकेने निर्जंतुकीकरणाच्या आपत्कालीन परवानग्या मागे घेतल्या, कारण नवे मास्क पुरेसे मिळू लागले होते.

१०/ कापडी मास्कच्या काळात साठा संपला, तरी चुलीवरचे उकळते पाणी हाताशी असे. गाळणीची ताकद वाढली, तशी ती सोय गेली. म्हणूनच २००९ आणि २०२० या दोन्ही टंचाया एकच गोष्ट सांगतात : 'वापरा आणि फेका' वस्तूवर विसंबणाऱ्या रुग्णालयाची सुरक्षा साथ येण्यापूर्वी भरलेल्या गोदामात असते.