तिथीची पाऊणपट

वाकोल्याच्या माणसाला समुद्र म्हणजे जुहू. सांताक्रूझला रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं, बस पकडली की चौपाटी. सोपं आहे म्हणूनच जरा लिहावंसं वाटलं.

जुहू मुळात बेट. वस्ती भंडारी, आगरी आणि कोळ्यांची. बाहेरचे लोक यायचे ते हवा खायला. १९२४ साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजीही प्रकृती सुधारायला इथेच राहिले होते. हौस म्हणून पोहणं, फुगवलेल्या बोटीवर बसून किंचाळणं हे सगळं नंतरचं.

कोळ्यांचा हिशोब मात्र जुना आणि पक्का. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, पाणीही तसंच. त्यात जादू काही नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. (हे गणित पाठ्यपुस्तकात का नव्हतं, हा माझा जुना प्रश्न!)

आता १२ जून २०२३. आमच्या वाकोल्यातली चार मुलं जुहू कोळीवाड्याजवळ बुडाली. शाळकरी वयाची. दिवसभर गल्लीत दुसरं बोलणंच नव्हतं.

मी पंचांग काढलं. ज्येष्ठ वद्य नवमी. म्हणजे भांगाचे दिवस! तिथीच्या हिशोबाने समुद्र निवांत हवा होता. पण 'बिपरजॉय' चक्रीवादळ अरबी समुद्रात होतं. ते मुंबईला धडकलंच नाही, १५ तारखेला कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. शेकडो किलोमीटरवरून त्याच्या लाटा मात्र इथवर पोचत होत्या. तिथी पाण्याची उंची सांगते, वाऱ्याने उठवलेली लाट सांगत नाही.

हे कोळ्याला ठाऊक असतं. म्हणून पावसाळ्यात तो होडी वर ओढून ठेवतो, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्रात जातो. सरकारची मासेमारीबंदीही १ जून ते ३१ जुलै असते. मालवण-तारकर्लीचे जलक्रीडावाले मेअखेरीस बोटी बांधतात. आपण शहरातले तेवढे नेमके जूनमध्ये, पहिल्या पावसाची गंमत म्हणून पाण्याशी जातो.

नातवंडं सुट्टीत येणार असतील तर तिथीबरोबर हवामान खात्याचा इशाराही बघा. लाल बावटा असेल तर पाय भिजवणंही नको. एरवी पोहताना पाणी आत ओढू लागलं तर त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे येऊ नये, दमछाक होते आणि माणूस त्यानेच जातो. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावं, मग तिरकं किनाऱ्याकडे वळावं. लाटा फुटत नाहीत, पाणी सपाट दिसतं, तिथेच बहुधा ओढ असते. नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते.

२०२३ ला श्रावण अधिक होता. नारळी पौर्णिमा आली ३० ऑगस्टला.