शिवराई : तांब्याच्या पैशाची कथा

१८१८ सालीं खानदेशांत इंग्रजी अंमल बसला त्या वेळीं नंदुरबारची जुनी पेठ बरीचशी ओस पडलेली होती. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणाऱ्या पूर्वीच्या राजमार्गावरील हें गांव. एका अंगास गायकवाडी मुलूख, दुसऱ्या अंगास होळकरी. अशा ठिकाणीं सराफाला नाना शिक्क्यांचे रुपये पारखावे लागत. परंतु मजुराच्या पदराच्या गांठीला रुपया क्वचितच असे. तेथें असे तांब्याचा पैसा, आणि मराठी मुलखांतील सर्वांत ओळखीचा पैसा म्हणजे शिवराई.

एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीकडे ‘छत्रपति’ एवढींच अक्षरें. रायगडावर १६७४ सालीं राज्याभिषेक झाला त्या काळापासून चालत आलेला हा ठसा पेशवाई बुडेपर्यंत टिकला. उत्तरकाळीं अक्षरांच्या ओळींमध्यें दोन आडव्या रेघा आल्या, म्हणून तिला दुदांडी म्हणूं लागले. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मराठ्यांच्या टांकसाळींतून पडणाऱ्या रुपयांवर बहुधा दिल्लीच्या बादशहाचें नांव फारसींत असे. सावकाराच्या थैलींतील चांदी बादशहाची, आणि भाजी विकणारीच्या हातांतील तांबें मात्र छत्रपतींचें !

कारागिरी म्हणाल तर ओबडधोबडच. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळें कोठें ‘श्री’ तुटे, कोठें ‘पति’ गळे. ‘शिव’चें ‘सिव’ही होई. पैसे पाडण्याचे परवाने खासगी लोकांस मिळत. १७४४ सालीं नागोठण्याच्या बाळाजी बापूजीस दहा मासे वजनाचे पैसे पाडण्याची परवानगी मिळाली होती. असे अनेक हात लागल्यावर वजन सारखें कोठून राहणार ? मग एका रुपयास किती शिवराया, हें गांवागांवांत, प्रसंगीं हंगामाप्रमाणेंही बदले. मजुरी तांब्यांत मिळावयाची आणि सारा रुपयांत भरावयाचा. मधला बट्टा सराफाचा. मुंबईकडील कंपनीच्या पैशावर तराजू व त्याखालीं फारसींत ‘अदल’, म्हणजे न्याय, असें लिहिलेलें असे. बट्टा देणाऱ्यास तें वाचतां येत नसे, हें एका परीनें बरेंच !

त्याच सुमारास दूर स्वित्झर्लंडांतही असाच घोळ चालू होता. १८०३ नंतर तेथील प्रत्येक प्रांत, ज्यास ते कँटन म्हणतात, आपापलीं नाणीं पाडी. दहा रापेनचा एक बाट्झेन हा हिशेब कागदावर सोपा. पण शेजारच्या कँटनांत गेलें कीं घासाघीस आलीच. १८५० च्या कायद्यानें शंभर रापेनचा फ्रँक ठरला, पहिलीं नवीं नाणीं पॅरिस व स्ट्रासबुर्ग येथें पाडून आणलीं गेलीं, आणि कँटनांचीं जुनीं नाणीं गोळा करून वितळविण्यांत आलीं.

आपल्याकडे १८३५ सालीं कंपनीनें १८० ग्रेनांचा रुपया सर्वत्र सारखा केला. तांब्याचा पैसा १०० ग्रेनांचा, व असे ६४ पैसे म्हणजे एक रुपया. शिवराई मात्र एका कायद्यानें नाहींशी झाली नाहीं. पुढें कित्येक दशकें ती बाजारांत फिरत राहिली. पुष्कळदां तिच्यांत नव्या पैशाहून तांबें अधिक भरे. ज्याला तांबें हवें त्याच्या लेखीं ती नाणें नसून धातूच होती. अक्षरें झिजलेली शिवराई तांबटाच्या मुशींत गेली, आणि तिची घागर झाली.